नंबर चारचा दुसरा गिअर

गंगवाल स्टँडवरून सकाळी सव्वासातला गौतमपुऱ्याची गाडी सुटायची आणि फाटकाबाहेर वळताच तिच्यातलं सगळं बोलणं एकदम थांबायचं. वर्तमानपत्रं मिटायची. लेकुरवाळ्या बाया पोरांना छातीशी धरायच्या. उभे असलेले वरची दांडी पकडायचे, बसलेले पुढच्या सीटची. मग ड्रायव्हर आपल्या जागेवरून अर्धवट उठायचा. डावा पाय दोनदा आपटायचा, एकदा वर छताकडे बघायचा आणि गिअरच्या गोळ्यावर डावीकडे झुकून डाव्या हाताचा तळवा असा टाकायचा, की जणू बेशुद्ध माणसाच्या छातीवर दाब देतोय. गाडीच्या पोटातून एक लांब कण्हणं निघायचं, मग धक्का. आणि पन्नास माणसं एका सुरात ओरडायची, "जय संकटकाली!"

त्यानंतर वर्तमानपत्रं पुन्हा उघडायची.

हा ड्रायव्हर म्हणजे शाम दिघे. वय छप्पन्न, राहणार जुनी इंदूर. वडील कापड गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडली तेव्हा शाम बारावीत होता. तो पुस्तक मिटून एका मालवाहू ट्रकवर चढला आणि पुढे बसवर आला. बांधा किरकोळ, आवाज मऊ. कुणी मोठ्यानं बोललं तर दोन पावलं मागे सरकणारा माणूस. पण फाटकापाशी, दुसरा गिअर टाकायच्या त्या अर्ध्या मिनिटात, त्याची छाती रुंद व्हायची. रंगभूमीवर पाय ठेवताच तापातला नट ताठ होतो, तशी.

आता ही संकटकाली कोण, ते सांगायला हवं. नंबर चार, म्हणजे शामची ही गाडी, साताऱ्याकडून आलेली. मागच्या मोठ्या खिडकीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. गौतमपुऱ्याच्या लोकांनी पहिला शब्द वाचला, 'ळ'चा 'ल' केला आणि हात जोडले. उज्जैन शेजारी असलेल्या मुलखात एखादी काली आणखी निघाली तर कुणाला नवल? आठवड्याभरात खिडकीला कुंकू लागलं. महिन्याभरात झेंडूच्या माळा आल्या. माळा एवढ्या झाल्या की उरलेली अक्षरं त्यांच्यामागे गेली, नुसतं 'संकटकाळी' तेवढं वर राहिलं.

शामनं पहिल्यांदा सांगून पाहिलं होतं. सरला मौसी म्हणून एक बाई गौतमपुऱ्याहून रोज मावा घेऊन इंदूरला येत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच गाडीनं परत जात. रात्री इंदूरला बहिणीकडे राहत. शाम त्यांना म्हणाला, "मौसी, ये देवी नहीं है. खिड़की है. हादसा हुआ तो बाहर निकलने की."

मौसींनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "खिड़की तो है ही, बेटा. पर देवी की है."

शाम घरी येऊन बायकोला, सुनीताला, हे सांगून पोट धरधरून हसला होता. तेव्हा तो हसू शकत होता.

गाडीच्या मालकाकडे, सेठकडे, सात गाड्या होत्या आणि सातही दुसऱ्याच्या घरी जन्मलेल्या. नवी गाडी त्या अंगणात कधी आलीच नाही. एक नंबर राजकोटची. तिच्यात आरसे आणि रंगीत दिवे होते, ती वराती न्यायची. दोन नंबर जयपुरात गोऱ्या पाहुण्यांना किल्ले दाखवत हिंडलेली, आता पीथमपूरच्या कारखान्याची पाळी वाहायची. मखमली पडद्यांना मजूर तेलकट हात पुसायचे. तीन नंबर शाळेची झाली. सहा नंबर तर मधोमध कापून अंगणातच उभी केली होती. पुढच्या अर्ध्या भागात बुकिंगची खोली आणि इंजिनाच्या झाकणावर चहाची शेगडी. नाटक कंपनीत हेच व्हायचं. आज नायक, दहा वर्षांनी नायकाचा बाप, आणखी दहा वर्षांनी दुसऱ्या अंकात पत्र आणून देणारा शिपाई. आणि शेवटी तोच माणूस विंगेत पडद्याची दोरी धरून उभा. पण कंपनी त्याला टाकून देत नसे.

नंबर चारही असे सगळे वेष करून बसली होती. दाराजवळ पत्रा खरवडला गेला होता तिथे दिसायचं: मरून रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा. पांढऱ्या रंगात ती कारखान्याची, पिवळ्यात शाळेची. मरून झाली तेव्हापासून गौतमपुऱ्याची. तिचा दुसरा गिअर मात्र साताऱ्यापासूनच दुखरा. आला तर यायचा, नाहीतर भर चौकात गाडी हंबरत उभी. सेठच्या चार ड्रायव्हरांनी तिला हात जोडले. शामनं पंधरा दिवस एकट्यानं तिच्याशी झटून ती युक्ती शोधली होती: दोनदा पाय, थोडं उठायचं, मग तळवा. त्यात लबाडी काही नव्हती. खरं कसब होतं ते.

"नंबर चार सिर्फ शाम की सुनती है," म्हातारे सेठ आल्यागेल्याला सांगायचे. शाम खाली बघायचा आणि कान लाल व्हायचे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याच्या नावाला 'सिर्फ' लावलं होतं.

मग २०१९ची दिवाळी आली. गाडी क्लचच्या कामासाठी तीन दिवस उघडली होती. अंगणातले जुने मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसत शामला हळूच म्हणाले, "शाम भाई, अंदर गिअर का काँटा घिसा हुआ था. कबाड़ की गाड़ी का पड़ा था, डाल दिया. तेरी बीमारी निकाल दी." आणि त्याच आठवड्यात ते खंडव्याला मुलाकडे गेले ते कायमचेच.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर गाडी वळली. लोकांनी दांड्या धरल्या. शाम सवयीनं उठला, दोनदा पाय आपटला, तळवा टाकला आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. आवाज नाही, धक्का नाही. पण मागे लोकांनी आरोळी ठोकली होतीच. "जय संकटकाली!" आणि सरला मौसी शेजारच्या नव्या सुनेला सांगत होत्या, "देखा? दूसरा कोई होता तो यहीं खड़े रहते."

उद्या सांगू, शाम मनाशी म्हणाला.

उद्या त्यानं काय केलं? क्लच अर्धाच दाबला. अर्ध्या क्लचवर कुठलीही गाडी कण्हते. कण्हणं आलं, धक्का आला, आरोळी आली. नट एकदा टाळीच्या जागेवर थांबायला शिकला की पुढच्या प्रयोगात तिथे न थांबणं त्याला जमत नाही. शामचं तेच झालं.

इथवर ती लबाडी कुणाला बोचली नसती. पण पाच महिन्यांनी टाळेबंदीत सगळंच बंद झालं. सातही गाड्या अंगणात धूळ खात उभ्या राहिल्या. जूनमध्ये सेठनं ड्रायव्हरांना बोलावून घेतलं, रडले आणि म्हणाले की अर्ध्यांनाच ठेवू शकतो. शेवटी एका जागेसाठी दोघं उरले. शाम दिघे की विजय शितोळे?

विजय शामपेक्षा बारा वर्षांनी लहान. कृष्णपुऱ्याच्या मागच्या गल्लीतला, घरी मराठीच बोलणारा, तोंडाळ, कुणालाही भाऊऐवजी 'भिया' म्हणणारा, पण गाडी अशी चालवायचा की भरला पेला ठेवला तरी थेंब सांडू नये. हे सेठलाही माहीत होतं. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "विजय, तेरा हाथ अच्छा है. पर नंबर चार शाम के बिना हिलेगी नहीं. मैं क्या करूँ?"

त्या क्षणी शामनं एक वाक्य बोलायला हवं होतं. ते जिभेवर होतं. पण घरी मुलीचं, अनुश्रीचं, लग्न ठरलेलं होतं. तो खाली बघत राहिला आणि या वेळीही त्याचे कान लाल झाले.

विजय चार वर्षं लोडिंग रिक्षा चालवत राहिला.

त्यानंतर शामला गाडीतून उतरता येईना. कसं उतरणार? एक दिवस रजा घेतली आणि दुसऱ्या कुणी नंबर चारला हात लावला, की पहिल्याच वळणावर सगळं उघडं. तापात तो गाडीवर गेला. दाढ सुजलेली असताना गेला. अनुश्रीचं लग्न त्यानं गाडी रंगाला दिली होती त्याच आठवड्यात उरकलं. अनुश्री पुण्याला गेली, तिला ईशा झाली, ईशा पाच वर्षांची झाली. सुनीता वर्षातून दोनदा जाऊन महिनाभर राहून यायची. शाम एकदाही गेला नव्हता.

"दोन दिवस गाडी उभी राहू देत ना," सुनीता म्हणायची.

"लोकांची गैरसोय होते गं."

"गौतमपुऱ्याला दुसऱ्या गाड्या जात नाहीत?"

"त्या गाड्यांत देवी नाही," शाम म्हणायचा. सुनीता हसायची. तो हसत नसे.

गाडी चालवताना डोळ्यांसमोरच्या आरशात त्याला मागची खिडकी दिसायची. झेंडू, कुंकू, आणि वर उलटा दिसणारा तो एकच शब्द. रोज दोन वेळा, एकशेवीस किलोमीटर.

म्हातारे सेठ गेले; मुलगा रजत गादीवर बसला. रजतला गाड्यांची आवड होती, पण मोठी गाडी चालवायला तो घाबरायचा. एकदा अंगणातच भिंतीला धडकला होता. त्यानं धंदा वाढवला, विजयसकट जुन्या माणसांना परत बोलावलं आणि यंदाच्या मार्चमध्ये एक जुनी स्लीपर गाडी घेतली. इंदूर ते पुणे.

"शामजी," रजत म्हणाला, "ड्रायव्हर मराठी बोलनेवाला चाहिए. तुमची मुलगी पण तिकडेच ना? एक दिन आड़ पुणे. तुम्हीच घ्या. बस, नंबर चार किसी को सिखा दो."

शामला क्षणभर काही ऐकूच येईना. एक दिवसाआड पुणे! सकाळी पोचायचं, दुपारपर्यंत मोकळं. ईशाला शाळेत सोडता येईल. "किसको सिखाऊँ?" त्यानं कसंबसं विचारलं.

"विजय आहे ना. विजय को सिखा दो."

रात्री नव्हे, त्याच दुपारी शामनं सगळं मनात बसवून टाकलं. विजयला खोटी युक्तीच शिकवायची. अर्धा क्लच, दोनदा पाय, तळवा. तो तसंच करेल, गाडी तशीच कण्हेल, लोक तसेच ओरडतील. कुणाचंच काही बिघडणार नाही. पात्र बदललं तरी नाटक चालू राहील.

दुसऱ्या दिवशी अंगणात विजय नंबर चारच्या सीटवर बसला. रजत लांब, कापलेल्या सहा नंबरपाशी, चहा पीत उभा होता. शाम विजयच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर टेकला.

"क्लच अर्धाच दाब," शाम म्हणाला. "जास्त नको. जास्त दाबलास की रुसते."

"रुसते? गाडी आहे की नवी नवरी, भिया?"

"दोनदा पाय. मग थोडं ऊठ. आता तळवा."

गाडी कण्हली. धक्का बसला. विजय म्हणाला, "बाप रे." शामच्या जिवात जीव आला. "परत एकदा," तो म्हणाला. तिथेच चुकला.

कारण दुसऱ्या वेळी विजयचं लक्ष गाडीकडे होतं, शामच्या शब्दांकडे नव्हतं. चांगल्या ड्रायव्हरचा पाय आपोआप तळापर्यंत जातो. तो गेला. आणि गिअर एका बोटानं ढकलल्यासारखा आत बसला.

विजयनं गिअर बाहेर काढला. पुन्हा टाकला. पुन्हा काढला. कुठे काही आवाज नाही. मग त्यानं हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या काचेतून बघत विचारलं, "केव्हापासून?"

शाम इंजिनाच्या झाकणावरची धूळ पुसू लागला.

"भिया, मी विचारून राहिलो. केव्हापासून?"

"एकोणीसची दिवाळी."

विजयनं मोजलं. मोजायला फार वेळ लागला नाही. "म्हणजे सेठ रडत होते त्या दिवशी..."

"विजय, अनुश्रीचं लग्न—"

"माझी पण एक मुलगी आहे," विजय म्हणाला. "सुरभी. रिक्षात माझ्या शेजारी बसून अभ्यास करायची."

त्यानं गाडी सुरू केली, अंगणात एक फेरी मारली आणि नेमकं रजतच्या समोर आणून असा काही अर्धा क्लच दाबला की चहाच्या शेगडीवरचं भांडं खाली पडलं. कण्हणं नव्हतं ते, किंकाळी होती. शामनं सहा वर्षांत एवढा चांगला प्रयोग कधी केला नव्हता. विजय कपाळ पुसत खाली उतरला.

"रजत भिया, माफ करो. अपने बस की नहीं. ये तो शामजी की ही है. इनका हाथ और देवी की कृपा."

"तो पुणे?" रजत म्हणाला.

"मराठी तो मैं भी बोलता हूँ," विजय म्हणाला.

असा विजय पुण्याला जाऊ लागला.

सुनीतानं दुसऱ्याच आठवड्यात विजयबरोबर अनुश्रीला डबा पाठवायला सुरुवात केली. बेसनाचे लाडू, शेव, कधी लोणचं. एका दिवसानं डबा परत यायचा, आत काहीतरी वेगळं असायचं. विजय तो अंगणात शामच्या हातात ठेवायचा, नेमका नंबर चारच्या दारात. वाईट बोलायचा नाही. बोलायचा तेच वाईट असायचं.

"ईशाचा पुढचा दात पडला."

"हो?"

"माझ्यासमोरच पडला. मलाच दाखवायला आणला."

एका शुक्रवारी डबा देताना विजय म्हणाला, "ती विचारत होती, आजोबा का नाही येत. मी म्हटलं, त्यांच्या गाडीचा दुसरा गिअर अडकलाय. ती म्हणाली, मग दुरुस्त करा ना."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, आजोबांनाच येतो तो दुरुस्त करायला. दुसऱ्या कुणाला नाही."

त्या रविवारी शाम दिघे सुनीतालाही न सांगता ठरवून अंगणात आला. रजत आलेला होता, विजय पुण्याच्या गाडीची काच पुसत होता. शामनं नंबर चार रजतच्या समोर उभी केली, खिडकीतून म्हणाला, "रजतजी, इधर देखो," आणि क्लच पूर्ण दाबून, करंगळीनं, फक्त करंगळीनं, दुसरा गिअर टाकला. मग पहिला. मग पुन्हा दुसरा. अंगण शांत होतं. सहा वर्षांनी तो अभिनयाशिवाय गाडी चालवत होता.

"देखा?" तो म्हणाला. "कुछ नहीं है. गिअर ठीक आहे. सहा साल से ठीक आहे. मी खोटं करत होतो. कोणीपण चालवू शकतो ही गाडी."

रजतच्या हातातला चहा तसाच राहिला. त्याचे डोळे पाणावले. तो वळून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला, "देखा रे तुम लोगों ने? करंगळी! पापा सही कहते थे. और ऊपर से बोलते हैं, कोई भी चला लेगा! ऐसे आदमी अब कहाँ मिलेंगे?"

"रजतजी, मी खरं बोलतोय. तुम्ही स्वतः बसा. टाकून बघा."

"मैं?" रजत दोन पावलं मागे सरकला. "ना शामजी ना. मेरेको भिंत याद है. तुमच्या गाडीला मी हात लावू? पाप लगेगा."

शामनं विजयकडे पाहिलं. आजवर त्यानं विजयकडे काही मागितलं नव्हतं. "विजय," तो म्हणाला. "तू सांग त्यांना."

विजयनं हातातलं फडकं पिळलं. बराच वेळ पिळत राहिला, पाणी संपलं तरी. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर शामला बरं वाटलं असतं.

"काय सांगू, भिया? सहा वर्षांचं?"

"हो."

"त्यातली चार माझी आहेत," विजय म्हणाला. मग रजतकडे वळून हसला. "एकदम सही बोल रहे हो आप. क्या हाथ है!"

आणि जाताना शामच्या सीटशेजारचा लाडवांचा डबा त्यानं उचलला. हळूच, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी.

त्याच सकाळी सातला नंबर चार स्टँडवर लागली. माळा बदलल्या गेल्या, उदबत्ती लागली. सरला मौसी रिकामी भांडी घेऊन नेहमीच्या जागेवर बसल्या. गाडी फाटकाबाहेर वळली. बोलणं थांबलं, वर्तमानपत्रं मिटली, सगळ्यांनी दांड्या धरल्या. शाम उठला नाही. पाय आपटला नाही. त्यानं क्लच तळापर्यंत दाबला आणि गिअर टाकला.

काहीच झालं नाही. गाडी चालत राहिली. तिसरा पडला, चौथा पडला.

मागे कुजबुज सुरू झाली. मग सरला मौसींचा आवाज आला, "शामजी, आज गेर नी डाल्यो कईं?"

"डाल दिया, मौसी."

"कब?"

शामनं आरशात बघितलं. पन्नास माणसं दांड्या घट्ट धरून, मान किंचित पुढे काढून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसली होती. त्यांच्या मागे झेंडू हलत होता. कुणीच हात सोडला नाही. देपालपूर आलं, गेलं. कंडक्टरनं तिकिटं विचारली तर लोकांनी एकाच हातानं पैसे दिले. थेट गौतमपुऱ्यापर्यंत ती सगळी गाडी दांडी धरून बसली होती, त्याच्या धक्क्याची वाट बघत.